पाणवठ्याची जोड

अमडापूर,
ता. २० मे १९६४

भाऊ,

थोरल्या भावाला ‘तीर्थस्वरूप’ लिहायचं आणि ‘तुम्ही’ म्हणायचं, असं मास्तरांनी पत्रलेखनाच्या तासाला फळ्यावर लिहून दिलं होतं. मी तसं एक पत्र लिहिलं. वाचून पाहिलं तर ते दुसऱ्याच कोणाच्या भावाला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून फाडून टाकलं. तुला तू नाही म्हणायचं, तर मग कोणाला म्हणायचं?

तुझा पत्ता आपल्या गावच्या माणिकरावने दिला. तो परवा सुटीवर आला. सहा महिने तू कुठं आहेस हे आम्हाला ठाऊक नाही, आणि हा माणूस येऊन खुशाल सांगतो की भिलाईच्या कारखान्यात तुम्ही दोघं एका खोलीत राहता, आणि तू आता भात खायला लागलास. मायने त्याला विचारलं, “भाकर नाई भेटत का तथी?” तो म्हणाला, “भेटते न काकू, पन करन कोन?” मग माय चुलीपाशी जाऊन बसली. माणिकराव चहा पिऊन गेला तरी उठली नाही.

बाबा तुझं नाव घेत नाहीत. मीही त्यांच्यासमोर घेत नाही. मोट आता माझ्याकडे आहे. विहिरीला पाणी खाली गेलंय. ढवळ्या बैल तुझ्या हाताला इतका सवकलेला की मी धावेच्या उतारावरून त्याला मागे घ्यायला लागलो की मान वळवून बघतो, हा कोण आणलाय म्हणून. वांगी बरी आहेत.

तू बाबांमुळे गेलास हे सगळ्या गावाला माहीत आहे. उंद्रीच्या पाहुण्यांनी “नाच्याला पोरगी देत नाही” म्हणून सांगून पाठवलं आणि बाबांचं डोकं फिरलं. त्यात बाकी कोणाचा काही दोष नाही.

एक विचारायचं होतं. गौळणीत तू तीन पावलं मागे येतोस आणि गिरकी घेतोस, तेव्हा अंग कोणत्या पायावर असतं? मला नको आहे. तुळशीराम उस्ताद विचारत होते.

पत्राचं उत्तर दे. कार्ड लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
इंद्रभान


अमडापूर,
ता. १० सप्टेंबर १९६४

भाऊ,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन दर वेळी आपल्या घरावरून जाताना सायकलची घंटी वाजवतो आणि मी उठतो. आता तो मला पाहून आधीच मान हलवतो.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. ते वाचून तू हसला असशील. ज्या माणसानं तुला दंडारीतला नाच शिकवला, तो तुझ्या गिरकीचा पाय कोणता हे मला कशाला विचारील? मलाच पाहिजे होतं.

उन्हाळ्यापासून मी नाचतो आहे. कोणाला सांगितलं नाही. बाबा टोपलं घेऊन बाजारात गेले की बैल सोडून झाडाखाली बांधतो आणि धावेवर उभा राहतो. तू तिथंच नाचायचास. बैलांनी येऊन-जाऊन ती जमीन अशी चोपून टाकली आहे की पाय आपोआप पडतो. ढोलकी तोंडाने म्हणतो. दुपारच्या वेळी तिथं बैलांशिवाय कोणी बघायला नसतं. मोट मागे घेताना जसं टाचेवर तोल ठेवून यावं लागतं ना, तसंच तुझं मागचं पाऊल आहे. हे मला मोट हाकूनच कळलं. आधी का नाही सांगितलंस?

तू म्हणशील, हा कधी शिकला? उस्ताद ढोलकी घेऊन विहिरीवर यायचे आणि तू धावेवर नाचायचास, तेव्हा मी विहिरीच्या पलीकडे भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलेला असायचो. दोन वर्षं तेच पुस्तक आणि तेच पान. मास्तरांनी मला त्यातलं काही विचारलं तर अजूनही येत नाही.

पण भाऊ, खरं सांगतो, मला भीती वाटते. विंचवाची, अंधाराची वाटत नाही, जानरावची वाटते. तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो. तू असताना वर्गात शिरलो की तो कमरेवर हात ठेवून मुरडायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. तू गेल्यापासून त्याने ते सोडून दिलंय. आता मी उभा राहिलो तर काय होईल ते मला आजच दिसतं. उंद्रीचे पाहुणे, बाजारातले लोक, बाबा. बाबा तर काय, तुला म्हणाले तेच मला म्हणतील, “घुंगरू नाईतं घर.” मग मायपाशी कोण राहील?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उस्ताद ढोलकी घेऊन गोठाणावर, गावाची गुरं जमतात तिथं, बसले होते. दर वर्षी त्या दिवसापासून दिवाळीची तालीम सुरू होते. मागे गाणारे झीलकरी आले, टाळवाले आले. मधे उभं राहायला कोणी नव्हतं. उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली, ढोलकीवर फडकं टाकलं आणि म्हणाले, “यंदा राहू द्या.” मी कडेला उभा होतो. माझे पाय चुळबुळत होते आणि मी ते एकावर एक दाबून धरले होते.

तू असतास तर काय म्हणाला असतास? तेवढंच लिहून पाठव. ‘जाय’ म्हण किंवा ‘नको’ म्हण.

इंद्रभान


अमडापूर,
ता. ११ ऑक्टोबर १९६४

भाऊ,

तू काही कळवलं नाहीस, म्हणून मी माझ्या मनाने गेलो. आणि चांगली फजिती करून घेतली.

उस्तादांना जाऊन म्हटलं, मी उभा राहतो. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, “घरी इचारलं का?” मी म्हटलं, “हाव.” हे आणखी एक खोटं. त्यांनी लोक गोळा केले. दुपारची वेळ होती, दहा-बारा बाया आणि पोरंही जमली. ढोलकी सुरू झाली. बाकीचे नाचणारे रिंगण धरून निघाले आणि मी त्यांच्यात शिरलो. पहिल्या चार पावलांत मला वाटलं, जमलं. मग गिरकी आली. सगळे उजवीकडून फिरले आणि मी डावीकडून. धाडकन जाऊन टाळवाल्यावर आदळलो. त्याचा टाळ माझ्या कपाळावर बसला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. ते उजवीकडे सरकले तर मी डावीकडे, त्यांचा उजवा हात वर तर माझा डावा. लोक हसून हसून लोळायला लागले. कोणीतरी म्हणालं, “अबे, हे पोट्टं उलटंच छापलं!” जानराव तिथं नव्हता, पण त्याच्या बहिणी होत्या, म्हणजे तो असल्यासारखाच.

मी पळालो. तीन दिवस शाळेत गेलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. मायने ओवा दिला.

चौथ्या दिवशी उस्ताद विहिरीवर आले. मी मोट हाकत होतो. ते येऊन मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी बसले, हातपाय धुतले, आणि म्हणाले, “इंद्रभान, तू कोनापासून शिकला बे?”

मी बैल थांबवले.

“समोर बसून शिकला न? रंगा तिकडून नाचे आन् तू इकडून पाहे. त्याचा उजवा तो तुहा डावा झाला. तुले कोनी सांगतलं नाई, म्हनून तसाच बसला अंगात.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दोन वर्षं शिकलो आणि सगळं उलटं. म्हटलं, उस्ताद, आता हे सुटायचं नाही, मी नाही येत.

तर ते म्हणाले, “अरे, सोडू नको. मले हेच पाह्यजे होतं.” मग त्यांनी पाणवठ्याच्या जोडीची गोष्ट सांगितली. ती तुला माहीत आहे, मला माहीत नव्हती. दोन गौळणी विहिरीच्या दोन अंगांनी पाणी भरायला येतात आणि एकमेकींकडे बघत एकसारख्या नाचतात. एकीचा डावा तो दुसरीचा उजवा. उस्ताद तरुणपणी ती नाचले होते. त्यांचा जोडीदार वारल्यावर गावात ती कोणी पाहिली नाही. त्यांनी एक बाजू तुला दिली आणि दुसरीला पोरगा मिळेना.

“रंगा नेहमी विहिरीकडं तोंड करून नाचे,” ते म्हणाले. “मी म्हनो, पोरा, इकडं पाह्य, मी अथी बसलो. तं म्हने, उस्ताद, तिकडं एकजन शिकून राह्यला. त्याले सांगू नका, नाईतं लाजून पयून जाईन.”

भाऊ, तुला माहीत होतं. मी पुस्तकाआडून बघतो हे तुला पहिल्यापासून माहीत होतं आणि तू माझ्यासाठी सावकाश नाचत होतास.

आता मला ते लिहिलंच पाहिजे, जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही. तू बाबांमुळे गेलास असं मी सगळ्यांना सांगतो. तू माझ्यामुळे गेलास.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याची दुपार. गोठाणावर दंडार उभी राहत होती. तू लुगडं नेसून तयार होतास आणि घुंगरांची वादी सुटली म्हणून पाय पुढे करून मला हाक मारलीस. माझ्याजवळ जानराव होता आणि त्याचे खामगावचे मावसभाऊ होते, बूट घातलेले. त्यांतल्या एकाने विचारलं, “हा कोन बे? तुह्या घरचा हाय का?” आणि मी म्हणालो, “नाई बे. बाहेरगावाहून आनला असन.”

तू दोन हातांवर होतास. मी वळून पाहिलं तेव्हा तू खाली बसून स्वतःच वादी बांधत होतास. मग उठून रिंगणात गेलास आणि रोजच्यापेक्षा चांगला नाचलास. संध्याकाळी बाबा तुला म्हणाले, “घुंगरू नाईतं घर,” तेव्हा तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मी शेंगा फोडत होतो. मान खाली घालून फोडतच राहिलो. एक शब्द बोललो असतो तर तू राहिला असतास. मला हे तेव्हाही माहीत होतं. सकाळी तुझं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

मला तुझी फार आठवण येते. हे दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने लिहिता येत असेल तर मला येत नाही.

इंद्रभान


अमडापूर,
ता. ८ नोव्हेंबर १९६४

भाऊ,

पाडव्याला मी नाचलो.

पहिल्यापासून सांगतो. रिंगणासाठी उस्तादांनी माझे पाय सरळ करून घेतले. महिनाभर उजव्या मनगटाला सुतळी बांधून ठेवली होती, म्हणजे गिरकीच्या वेळी ध्यानात राहावं. शाळेत जानरावने विचारलं, हे काय? मी म्हटलं, नवस आहे. तो पुढे वळून बसला. नवसाला कोणी हसत नाही.

लुगड्याची मोठी पंचाईत होती. तुझं लुगडं बाबांनी तू गेलास तेव्हाच दंडारीच्या मंडळींना परत देऊन टाकलं होतं आणि ते कुठं गेलं कोणालाच ठाऊक नाही. पाडव्याच्या सकाळी मायने पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं, लग्नातलं. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांच्या समोरून ते घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. बाबा म्हणाले, “हे काय सुरू हाय?” माय म्हणाली, “एक गेला. आता मी कोनाले जाऊ देनार नाई. याले नाचू द्या, घरात राहू द्या.” भाऊ, मायला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा उठले आणि मळ्यात निघून गेले. सणाच्या दिवशी, बैलांना सुटी असताना.

गोठाणावर सगळं गाव होतं. जानराव होता. त्याचे मावसभाऊ या वर्षीही आले होते. मी लुगडं नेसून आलो तेव्हा जानरावने शिट्टी मारली. उस्तादांनी ढोलकीवर थाप दिली आणि मी धावेवर आहे असं मनात धरलं, समोर बैल आहेत, आणि निघालो. गिरक्या सगळ्या उजवीकडून घेतल्या. एकदाही आदळलो नाही. रिंगणात तिसऱ्या फेरीला मला कळलं की शिट्ट्या अजून वाजताहेत, पण मी त्या ऐकत नव्हतो. मला तर मजा येत होती. इतकी मजा असते हे तू कधी सांगितलं नाहीस.

रिंगण संपलं आणि उस्ताद उभे राहून म्हणाले, “आता पानवठ्याची जोड.” हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, उस्ताद, एकटा कसा? ते म्हणाले, “तुह्या बाजूनं तू नाच. समोरची जागा सोडून नाच.”

मग मी माझं ते उलटं नाचलो. दोन वर्षं समोर बसून शिकलेलं, जसंच्या तसं. मी घडा टेकवायचो, समोर कोणी नाही. मी पदर सावरून हसायचो, समोर कोणी नाही. लोकांना काही उमगेना. कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, पोरगा विसरला. मावसभाऊ हसायला लागले. तेवढ्यात पुढे बसलेल्या सत्यभामाबाईंनी गळा काढून विचारलं, “अव बाई, तुही समोरची कुठं गेली?”

आणि मी नाचता नाचता ओरडून म्हणालो, “भिलाईले गेली!”

सगळं गोठाण हसलं. पण ते हसणं वेगळं होतं, भाऊ. ते माझ्यावर नव्हतं. सत्यभामाबाईंनी पुन्हा विचारलं, “कोन व ते?” आता ढोलकी थांबली होती. उस्तादांनी मुद्दाम थांबवली की काय, ठाऊक नाही. मी जानरावकडे पाहिलं, त्या बूटवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, “माहा भाऊ. रंगराव. त्यानंच मले शिकवलं. तो असता तं तुमी पाहत राह्यले असते.”

मग मला रडू आलं. काजळ गालावर उतरलं. सत्यभामाबाई म्हणाल्या, “रडू नको व माय, येईन ते,” आणि लोक पुन्हा हसले, आणि ढोलकी सुरू झाली, आणि मी उरलेलं नाचून संपवलं.

जानराव दुसऱ्या दिवशी भेटला. म्हणाला, “ते मागं मागं येनं कसं करते बे?” मी म्हटलं, मोट हाकून ये आधी महिनाभर.

आता बाबांचं. मी नाचत होतो तेव्हा ते निंबाच्या मागे उभे होते, असं कोणी कोणी सांगितलं. मी पाहिलं नाही. घरी आलो तेव्हा ते जेवायला बसले होते. मी लुगड्याची घडी करून मायला दिली आणि दारातच उभा राहिलो. म्हटलं, आता म्हणतील. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “भिलाईहून शेगावले गाडी किती वाजता येते?”

मला माहीत नव्हतं. म्हटलं, माणिकरावच्या घरी विचारतो.

“इचार,” म्हणाले. बस, एवढंच.

म्हणून हे पत्र. गाडी किती वाजता येते?

इंद्रभान


अमडापूर,
ता. २९ नोव्हेंबर १९६४

भाऊ,

तीन आठवडे झाले. पोस्टमनची घंटी ऐकून मी आता उठत नाही. मायच उठते.

तू रागावला असशील तर तो राग बरोबर आहे. मी तो पुसून टाक म्हणत नाही. इथं येऊन रागाव. उस्तादांच्या छातीत कफ झालाय, पण ढोलकी उशाशी आहे. ते म्हणतात, थंडी सरायच्या आत दोघं उभे राहा, मला ती जोड एकदा बघायची आहे. मी माझी बाजू रोज करतो. आता लपून करत नाही. परवा मोट चालू असताना बांधावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून बघत होत्या आणि मी थांबलो नाही.

आणखी एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे. बाबांनी ती कोणाला सांगू नको म्हटलेलं नाही, पण ती त्यांना कोणी सांगितलेलीही आवडणार नाही. शेगावहून येणाऱ्या माणसाला खामगावला एस.टी. बदलावी लागते आणि ती आपल्याकडे दुपारी चारला येते, हे त्यांनी माणिकरावच्या घरून माहीत करून घेतलं. तेव्हापासून रोज चारच्या सुमारास त्यांना स्टँडवर काही ना काही काम निघतं. टोपलं डोक्यावर घेतात आणि म्हणतात, स्टँडवर वांगी बरी खपतात. गाडी येते, माणसं उतरतात, गाडी चिखलीकडे निघून जाते, आणि बाबा परत येतात.

वांगी मागच्या सोमवारी संपली. झाडं उपटून मी बांधावर टाकली, त्यांच्या डोळ्यांदेखत. काल चार वाजायच्या आधी त्यांनी टोपलं उचललं, झटकलं, वर फडकं झाकलं आणि निघाले. माय दारात उभी राहून बघत होती. टोपल्यात काहीच नव्हतं.

तुझा,
इंद्रभान